आधी यादी, मग स्कॅनर

जुन्या कागदांचा विषय निघाला की हल्ली वाद एकाच वळणावर येऊन अडतो. कुठल्याशा दप्तरखान्यात पाणी शिरतं, वाळवी लागते, किंवा एखाद्या सरकारी शोधमोहिमेला अचानक शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी हव्या होतात. मग एक बाजू म्हणते, सगळं स्कॅन करा, संकेतस्थळावर टाका, म्हणजे प्रश्न मिटला. कपाटं आणि माणसं सांभाळायची गरजच उरणार नाही. दुसरी बाजू म्हणते, मूळ कागद हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. विद्यार्थ्यांचे घोळके आणि हौशी मंडळी आत सोडली तर कागदांचं वाटोळं होईल. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात आणि मधलं काम दोघांच्याही नजरेतून सुटतं. ते काम म्हणजे रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडणं, कागद मोजणं, तारीख लावणं, कोणी कोणाला कशासाठी लिहिलं हे ओळखून एका ओळीत उतरवणं, आणि ती ओळ वाचून दारात आलेल्या माणसाला नेमक्या कागदापर्यंत नेणं. माझं म्हणणं आधीच सांगतो. विद्यापीठाच्या अभिलेखागारात पहिला पैसा यादीवर लागला पाहिजे, दुसरा शिकवण्यावर, आणि स्कॅनरचा नंबर तिसरा. हा क्रम उलटला की कागद टिकत नाहीत आणि खुलेही होत नाहीत.

विद्यापीठाचं अभिलेखागार म्हणजे काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळू शकते. इथला बहुतेक कागद एकुलता एक असतो. त्यात बाहेरून देणगी म्हणून आलेली घराण्यांची दप्तरं, लेखकांचे नि कार्यकर्त्यांचे पत्रव्यवहार असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या कारभाराचा ऐवजही तिथेच यायला हवा: सिनेटची इतिवृत्तं, संलग्नतेच्या नस्त्या, निकालाच्या वह्या, विद्यार्थ्यांचे अर्ज, आवक-जावक बारनिशी. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८८३ मध्ये तिथल्या पदव्यांचं दार स्त्रियांना उघडलं. ही वर्षं कोणत्याही पुस्तकात सापडतात. दार उघडण्याआधी कोणी विरोध केला, कोणत्या शब्दांत केला, कोणती दुरुस्ती फेटाळली गेली, हे मात्र नस्तीतच सापडतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांचा इतिहास भाषणांवरून आणि वर्तमानपत्रांवरून लिहिता येईल. पण विद्यापीठ ही संस्था म्हणून त्या काळात आत काय बोलत होती, हे कागदांशिवाय कसं कळणार?

इथे कायदाही बोलतो, आणि त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४(१) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सांगतं की सर्व अभिलेख सूची करून, निर्देशांक लावून ठेवा. संगणकीकरणाची गोष्ट त्यानंतर येते, आणि तीही योग्य असतील त्या अभिलेखांपुरती, वाजवी मुदतीत, साधनं उपलब्ध असतील त्याप्रमाणे. सूचीच्या कर्तव्याला अशी सवलत नाही. आपल्याकडे व्यवहार बरोबर उलटा चालतो: सूची ‘जमेल तेव्हा’ आणि स्कॅनिंग ‘मार्चअखेरच्या आत’.

स्कॅनिंगच्या बाजूचे मुद्दे मात्र हलके नाहीत. प्रत्येक हाताळणीत कागद झिजतो. घडीवर आधी तडा जातो, मग छिद्र पडतं, मग त्या रेषेवरची अक्षरं जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला मोकळं रान मिळतं. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात आठ दिवस राहून कागद पाहणं परवडत नाही. न्यू जर्सीत बसून आपल्या गावच्या वतनाचा माग काढणाऱ्याला तर नाहीच. आणि सर्वांत मोठा मुद्दा दारावरच्या पहाऱ्याचा. पेशवे दप्तराचंच, म्हणजे पुण्यातल्या पेशवाईच्या कारभाराच्या कागदांचंच, उदाहरण घ्या. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या काळापासून इंग्रज सरकारने ते जमिनीच्या हक्कांचा पुरावा म्हणून जपलं आणि अभ्यासकांना दीर्घकाळ बेतानेच आत घेतलं. ‘कोणाला पाहू द्यायचं’ हा निर्णय वरच्या माणसाच्या मर्जीवर होता. पुढे सरकार बदललं तरी मर्जीची सवय सगळीकडे गेली नाही. ओळखीचं पत्र आणा, मार्गदर्शकांची सही आणा, साहेब रजेवर आहेत, उद्या या. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी प्राध्यापक नव्हता, त्यांच्यासाठी हा उंबरठा जास्तच उंच राहिला. पडद्यावर उघडणारा कागद जात विचारत नाही, ओळखीचं पत्र मागत नाही. या युक्तिवादाला उत्तर द्यायचं तर तो आधी पूर्ण मान्य करावा लागतो, आणि मी तो मान्य करतो.

आगीचा मुद्दाही खरा. १८ एप्रिल २०२१ रोजी टेबल माउंटनच्या उतारावरचा वणवा केप टाउन विद्यापीठात शिरला आणि तिथलं जॅगर वाचनदालन जळून गेलं. आफ्रिकाविषयक छापील संग्रहाचा मोठा भाग आणि चित्रपटसंग्रह गेला. तळघरातली हस्तलिखितं आगरोधक दारांनी बरीचशी वाचवली, पण आग विझवण्याचं पाणी तिथे साचलं. मग कर्मचारी, विद्यार्थी आणि शहरातली माणसं साखळी करून क्रेट वर काढत होती. ज्याची प्रतिमा कुठे तरी होती ते पूर्ण गेलं नाही, हे बरोबर. पण त्या आठवड्यात लागणारी पहिली गोष्ट कोणती होती? कोणत्या कपाटात काय होतं, त्यातलं आधी काय बाहेर काढायचं, काय गोठवायचं, काय हवेवर वाळवायचं, याची यादी. भिजलेला कागद ४८ तासांत बुरशी धरू लागतो. तेवढ्या वेळात शे-दोनशे क्रेटांमधला प्राधान्यक्रम ठरवायचा तर तो आधीच लिहिलेला असावा लागतो. यादी नसेल तर काय गेलं हेसुद्धा सांगता येत नाही; फक्त काहीतरी गेलं, एवढंच म्हणता येतं.

आता यादीविना स्कॅनिंग केलं तर काय घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहू. निविदा निघते, दर पानामागे ठरतो. पानामागे दर म्हणजे वेगाला बक्षीस. रुमाल सोडला जातो, कागद सपाट व्हावेत म्हणून घड्या उलगडून एकावर एक रचले जातात. एकमेकांत गुंडाळलेले, दोऱ्याने बांधलेले चार कागद सुटे होतात. पाठीमागची बाजू ‘कोरी’ समजून वगळली जाते. खरं तर पत्ता, पोचल्याची तारीख आणि कारकुनाचा शेरा नेमका तिथेच असतो. एकाला एक चिकटवून केलेला लांब बंद काचेवर मावत नाही, म्हणून त्याचे तीन तुकडे तीन वेगळ्या प्रतिमांत जातात आणि ते एकाच पत्राचे आहेत हे कुठेच लिहिलं जात नाही. फायलींना नावं पडतात स्कॅन ०००१, स्कॅन ०००२. शेवटी कागद परत बांधला जातो तो हाती लागेल त्या क्रमाने. काम ‘पूर्ण’ होतं, हार्ड डिस्क कपाटात जाते. तीन वर्षांनी कोणी विचारलं की १७६० च्या हिवाळ्यातली पानिपतच्या मोहिमेची पत्रं कुठली, तर प्रतिमांच्या त्या ढिगाला ते विचारायची सोयच नसते.

आणि मोडीचा कागद आपलं वर्ष सहजी सांगत नाही. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००; बेरीज ११६१. हे सुहूर सन, म्हणजे मराठी कारभारात चालणारी वर्षगणना. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवायचे, म्हणजे १७६०-६१, ऐन पानिपत. पण नवख्याने हाच आकडा हिजरी समजून लावला तर तो कागद १७४८ मध्ये जाऊन पडतो, शाहू छत्रपती हयात असताना. एका चुकीने बारा वर्षांचा फरक. त्याहून अवघड म्हणजे कित्येक पत्रांत वर्ष नसतंच. नुसता ‘छ’, चंद्राची तारीख आणि महिना. अशा पत्राचं वर्ष कसं लावायचं? ते ज्या रुमालात, ज्या कागदांच्या शेजारी होतं त्यावरून. शेजार मोडला की वर्ष गेलं. कॅमेरा अक्षर टिपतो, शेजार टिपत नाही; तो कोणी तरी कागद हलवण्याआधी लिहून ठेवावा लागतो.

हा शेजाराचा नियम आपल्यासाठी नवा नाही आणि परकाही नाही. १८९८ मध्ये म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी आपली नियमपुस्तिका छापली. ज्या कचेरीत कागद जन्मला त्या कचेरीचाच क्रम राखायचा, विषयवार नवी मांडणी करायची नाही, हा तिचा गाभा. त्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मूळ कागद जसाच्या तसा छापा, आपल्या गोष्टीत मिसळू नका, हा त्यांचा आग्रह. दोघांची गरज वेगळी होती. डचांकडे कागद सुरक्षित होता, राजवाड्यांना तो वाड्या-वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्यांच्या पुड्यांपासून वाचवायचा होता. त्यामुळे आपली परंपरा छापण्यात श्रीमंत झाली आणि सूचीत गरीब राहिली. जे महत्त्वाचं वाटलं ते छापलं गेलं. उरलेलं बांधून ठेवलं. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० च्या दशकात ४५ खंडांत आले. मराठी इतिहासावरचं ते ऋण फेडता येणारं नाही. पण दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आणि चार कोटी कागद असल्याचं सांगितलं जातं. ४५ खंड म्हणजे त्या डोंगराचा एक दगड. निवड झाली ती बहुतांशी लढाया, तह, दरबार यांची. गावचे ताळेबंद, झाडे (तपशीलवार हिशेब), महसूल गोळा करणाऱ्या कमाविसदारांचे हिशेब, वतनाचे तंटे मागे राहिले. पुढे हिरोशी फुकाझावा यांच्यासारखे जपानी अभ्यासक आले आणि त्यांनी याच रटाळ समजल्या गेलेल्या कागदांवरून दख्खनचा शेतकरी, बलुतेदार आणि जातिव्यवस्था यांचा इतिहास उभा केला. उद्याचा अभ्यासक काय विचारणार आहे ते आज कोणालाच ठाऊक नसतं. ‘महत्त्वाचं आधी स्कॅन करू’ म्हणणारे नकळत तोच जुना निवडीचा रस्ता धरतात, फक्त छापखान्याच्या जागी स्कॅनर असतो.

याचा ताजा दाखला सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं आणि आधी मराठवाड्यात, मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध लागला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काय असेल ते असो, अभिलेखांच्या दृष्टीने त्या महिन्यांत काय दिसलं? शोधले जात होते ते खासरे (शेतजमिनींच्या नोंदी), पाहणीपत्रकं, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांचे प्रवेश-निर्गम. एकाही इतिहासाच्या खंडात न छापलेला, कोणी ‘ऐतिहासिक’ न मानलेला कागद. त्यातला कितीतरी मोडीत, उर्दूत, फारसीत. आणि वाचणारे कमी म्हणून धावाधाव. जिथे वर्षानुवर्षं गाववार सूची राखली गेली होती तिथे कारकुनाने रजिस्टर काढून पुढे ठेवलं. जिथे नव्हती तिथे गठ्ठे जमिनीवर पसरले. एका माणसाच्या हक्काचा पुरावा तो ज्या गठ्ठ्यात आहे त्या गठ्ठ्याच्या नावापर्यंतही पोचता येत नसेल, तर त्याचा फोटो काढून काय साधतं?

यावर उत्तर येतं: यादी कधीच संपत नाही, मग तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण यादीच्या नावाखाली दारं बंद ठेवणाऱ्या जागा आहेत. हिशेब मांडून पाहू. एका मोडी कागदाला वाचून, तारीख लावून, एक ओळ लिहायला सरासरी १५ मिनिटं धरली, तर दिवसाच्या सहा तासांत २४ कागद होतात. हजार कागदांच्या एका रुमालाला ४२ दिवस. एखाद्या विद्यापीठाकडे ४०० रुमाल असतील तर एका माणसाला सत्तर वर्षं. असा बेत आखणारा दार उघडणार नाही, हे उघडच आहे. म्हणून प्रत्येक कागदापासून सुरुवात करायचीच नसते. आधी संग्रह, मग मालिका, मग रुमाल. कागद सर्वांत शेवटी. पहिल्या फेरीत रुमाल सोडायचा, कागद मोजायचे, सर्वांत जुनी आणि सर्वांत अलीकडची तारीख, भाषा आणि लिपी, ठळक गावं आणि घराणी, कागदाची अवस्था, कुठून आला ते टिपायचं, आणि त्याच क्रमाने परत बांधायचा. याला अर्धा दिवस लागतो. ४०० रुमाल २०० दिवसांत, म्हणजे एका माणसाचं वर्षही भरत नाही. अभिलेखवर्णनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात २६ घटक आहेत, पण त्यातले अनिवार्य धरलेले सहाच: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारखा, आकारमान आणि वर्णनाची पातळी. २००५ मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस मायस्नर या अमेरिकी अभिलेखपालांनी हाच प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडला होता. टाचणी न् टाचणी काढण्यात वर्षं घालवू नका, आधुनिक कागदांच्या एका घनफुटाला चार तासांत पुरेशी मांडणी होते, आधी लोकांसमोर आणा, असं त्यांचं सांगणं. मोडी कागदाला ते माप जसंच्या तसं लागू होणार नाही, पण दिशा बरोबर आहे. आणि हे लक्षात घ्या की ही पहिली फेरी स्कॅनिंगच्या आड येत नाही. तीच सांगते की कोणते वीस रुमाल इतके जीर्ण किंवा इतके मागणीतले आहेत की त्यांचं स्कॅनिंग आधी व्हावं.

‘एकदा स्कॅन केलं की कायमचं वाचलं’ हा समज तर तपासायलाच हवा. ए-४ आकाराचं एक पान ४०० डीपीआयवर, पूर्ण रंगात, न दाबता ठेवलं तर साधारण ४६ एमबी होतं. एक लाख पानं म्हणजे साडेचार टीबीहून अधिक. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या तर १४ टीबी. हार्ड डिस्क काही वर्षांत बदलावी लागते, फाइल बिघडली नाही हे ठरावीक काळाने चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहावं लागतं, संकेतस्थळाचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. ही जबाबदारी कोणाची, हे कोणत्या पदाच्या कामात लिहिलेलं आहे? कागद वीस वर्षं दुर्लक्षित राहिला तरी कोरड्या जागी बहुधा तग धरतो. हार्ड डिस्कला एवढं दुर्लक्ष सोसत नाही. असा विश्वास आपण याआधीही एका तंत्रावर टाकला होता. विसाव्या शतकाच्या मध्यात सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन, म्हणजे कागदाला प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा चिकटवणं, हा जीर्ण कागदावरचा उत्तम इलाज मानला गेला. ॲसिटोन वापरून, उष्णतेविना, हाताने करायची पद्धत तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली आणि तिने असंख्य कागद तात्पुरते सावरले. पुढे कळलं की ते ॲसिटेट जुनं होताना आम्ल सोडतं, पिवळं पडतं, आणि ते काढायचं तर पुन्हा द्रावकात बुडवावं लागतं; शाई विरघळणारी असेल तर तेही अवघड. त्या काळच्या माणसांनी त्यांच्याजवळ होतं ते ज्ञान प्रामाणिकपणे वापरलं. त्यांच्या अनुभवातून आपण एवढं तरी उचलावं की कुठलाही उपाय अंतिम समजून मूळ कागदावरचं लक्ष काढून घेऊ नये. आज जपानी टिश्यू आणि पिष्टाची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते.

मूळ कागद लागतो याचं आणखी एक कारण आहे, आणि वतनाच्या तंट्यांत मुरलेल्या महाराष्ट्राला ते समजावून सांगायला नको. बनावट सनदा आणि बनावट महजर (सभेपुढे झालेल्या निवाड्याचे कागद) ही जुनी गोष्ट आहे. बनावट ओळखायची ती मजकुरावरून कमी आणि अंगावरून जास्त: कागद जुन्नरी आहे की जलचिन्ह असलेला विलायती, शाई काजळाची आहे की लोखंडी, शिक्का शाईवर उमटलाय की शाई शिक्क्यावर चढलीय, पत्र संपल्याची खूण असलेली ‘लेखनसीमा’ योग्य जागी आहे का, जोडावर शिक्का पडलाय का. यातलं जलचिन्ह पाहायला कागद उजेडासमोर धरावा लागतो. वरून घेतलेल्या प्रतिमेत ते येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, मूळ कागद तज्ज्ञांपुरता ठेवा म्हणणाऱ्यांकडे. त्यांची भीती काल्पनिक नाही. कागद चोरीला जातात, पेनाच्या खुणा पडतात, थुंकी लावून पान उलटलं जातं, आणि अर्ध्या तासाच्या भेटीत कोणी इतिहासकार होत नाही. पण या भीतीला उत्तर नियमांत आहे, कुलपात नाही. बारा विद्यार्थ्यांचा गट, नव्वद मिनिटं, सहा कागद. पेनं बाहेर, आत फक्त शिसपेन्सिल. पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. कागदासाठी सुती हातमोजे नकोत, त्यांनी बोटांची जाण जाते आणि कडा फाटतात, ते छायाचित्रांसाठी राखावेत. बाड पूर्ण न उघडता उतरत्या फोमवर टेकवायचं. तासाआधी आणि तासानंतर पानं मोजून दोघांच्या सह्या. एवढं पाळलं तर धोका वाचनकक्षातल्या एकट्या संशोधकापेक्षा वाढत नाही. प्रदर्शनात मूळ कागद ठेवायचा असेल तर उजेड ५० लक्सच्या आसपास आणि मुदत तीन महिन्यांपर्यंत. त्यापलीकडे हुबेहूब प्रतच लावावी.

असा तास बिघडतो तो बहुधा कागदांच्या निवडीमुळे. शिवकालीन पत्र दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. विद्यार्थी ते पाहून नमस्कार करतात, मोबाइल काढतात, पण त्याला प्रश्न विचारत नाहीत. त्याऐवजी १९२० च्या एखाद्या वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज, त्यावरचा नकाराचा शेरा आणि दोन महिन्यांनंतरचं फेरविचाराचं पत्र असे तीन कागद पुढे ठेवले की मुलं आपण होऊन विचारतात: मधल्या दोन महिन्यांत काय झालं? चौथा कागद कुठे आहे? तो नसेल तर का नाही? पुराव्याने विचार करायला शिकवणारं यापेक्षा स्वस्त साधन विद्यापीठाकडे दुसरं नाही. मोबाइलवर रोज आलेल्या ‘ऐतिहासिक’ मजकुराला ‘हा कागद कुठे आहे, त्याचा क्रमांक काय’ असं विचारण्याची सवय इथेच लागते.

लोकांपर्यंत जाणं हे अभिलेखागाराचं वरकड काम आहे, वेळ उरला तर करायचं, ही समजूत म्हणूनच चुकीची. ते संवर्धनाचंच अंग आहे. मोडीचा वर्ग घेतला तर तीस जणांतले चार-पाच टिकतात, वर्षा-दोन वर्षांत सरकतं अक्षर वाचू लागतात, आणि यादीच्या दुसऱ्या फेरीला हात मिळतात. मोडीत लेखक आधी ओळ ओढून घेतो, मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं त्या ओळीला लटकावत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. हे वाचन बाराखडीने येत नाही, शेकडो कागद नजरेखालून गेल्यावर येतं. मोडी वाचणारं यंत्र घडवायचं म्हटलं तरी त्याला आधी माणसांनी बिनचूक वाचलेले हजारो कागद द्यावे लागतील. शिवाय गावात जाऊन ‘घरातल्या ट्रंकेत कागद असतील तर जाळू नका, विकू नका, ओले असतील तर उन्हात टाकू नका, पानं ओढून सोडवू नका, टीपकागदात घालून पंख्याखाली ठेवा’ एवढं सांगितलं तरी पुढचं दप्तर वाचतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे अभ्यासक होते, आणि ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्या विद्यापीठाने त्यांच्या संपादनाखाली काढले. विद्यापीठ आणि परिसरातला कागद यांचं नातं असं जोडता येतं. पण देणगी घेताना करार हवा: मालकी कोणाकडे, प्रत देता येईल का, कोणती पत्रं किती वर्षं बंद ठेवायची. तोंडी विश्वासावर घेतलेल्या दप्तरावरून दुसऱ्या पिढीत भांडण होतं, आणि तेव्हा नुकसान सगळ्यांचंच होतं.

सगळं सरसकट संकेतस्थळावर टाका म्हणणाऱ्यांना इथे एक प्रश्न. विद्यापीठाच्या १९७०-८० च्या नस्त्यांत काय काय असतं याची कल्पना आहे का? शिस्तभंगाच्या चौकश्या, फी माफीसाठी जोडलेले उत्पन्नाचे नि जातीचे दाखले, वैद्यकीय कारणं, छळाच्या तक्रारी. ती माणसं आज साठीत आहेत, आपल्यातच राहतात. एखाद्या मुलीने विश्वासाने केलेल्या तक्रारीची प्रतिमा जगाला दिसावी, हा खुलेपणा नाही. कोणती नस्ती आज खुली, कोणती आणखी तीस वर्षांनी, हे ठरवायचं तर आत काय आहे ते कोणी तरी वाचलेलं असलं पाहिजे.

शेवटी प्रश्न पैशाचा, आणि तिथेच क्रम का उलटतो ते कळतं. स्कॅनर ही एकदाची खरेदी असते: निविदा, उद्घाटन, फीत, छायाचित्र, अहवालात परिच्छेद. अभिलेखपालाचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही. म्हणून यंत्र येतं आणि पद रिक्त राहतं, किंवा अकरा महिन्यांच्या कराराने भरलं जातं. मोडी आणि संग्रह या दोन्हींची ओळख पटेपर्यंत करार संपतो, माणूस जातो, आणि कोणत्या रुमालात काय पाहिलं होतं हे ज्ञान त्याच्याबरोबर जातं, कारण ते लिहून घ्यायची व्यवस्थाच नव्हती. पुढच्या सिनेटमध्ये अभिलेखागाराचा विषय येईल तेव्हा किती पानं स्कॅन झाली हा आकडा सदस्यांनी मागू नये. एकूण किती रुमाल आहेत, त्यांतल्या कितींची नोंद सहा घटकांत लिहिलेली आहे, शेवटची मोजणी कधी झाली, गेल्या वर्षी विद्यापीठाबाहेरच्या किती जणांना कागद पाहायला मिळाला आणि किती जणांना परत पाठवलं, आणि या खोलीची किल्ली आज ज्याच्याकडे आहे तो माणूस पुढच्या जूनमध्ये नोकरीवर असेल का, हे विचारावं.